गिटारीचा पेडलबोर्ड : आंखणी आणि बांधणी

रंगमंचावर विद्युत्-गिटार वाजूं लागली म्हणजे प्रेक्षकांचे डोळे वादकाच्या बोटांवर खिळून राहतात. त्याच्या पायापाशीं काय चाललें आहे, इकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. एका गाण्यांत तीच गिटार सनईप्रमाणें लांब सूर धरते, दुसऱ्यांत करवतीसारखी खरखरते, आणि तिसऱ्यांत दरींत दिलेली हांक परत यावी तसे तिचे सूर पुनःपुन्हां ऐकूं येतात. हें सारें वादकाच्या पायाशीं मांडलेल्या कांहीं लहान पेट्यांचें काम होय. या पेट्यांस पेडल म्हणतात, आणि तीं पेडलें ज्या फळीवर एकत्र बसवितात तिला पेडलबोर्ड असें नांव आहे. आपल्यापैकीं कित्येक विद्यार्थी हल्लीं गिटार शिकतात व स्नेहसंमेलनांत वाजवितात. त्यांना उपयोगीं पडावी म्हणून या बोर्डाच्या आंखणीची व बांधणीची माहिती येथें देण्याचें योजिलें आहे. पालकांनींहि ती वाचावी अशी विनंती आहे. कारण खर्च त्यांच्या खिशांतून होतो, आणि शिवाय हें काम विजेशीं संबंध ठेवणारें आहे.

प्रथम पेडल काय करतें तें पाहूं. विद्युत्-गिटारीच्या तारा पोलादाच्या असतात. त्यांच्याखालीं लोहचुंबकाभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे घेतलेला एक भाग बसविलेला असतो. त्यास पिकअप म्हणतात. तार कंप पावली कीं चुंबकाचें क्षेत्र हालतें आणि वेढ्यांत तशाच कंपाची सूक्ष्म वीज उत्पन्न होते. या विजेचा दाब सामान्यतः एका व्होल्टाहून कमीच असतो. ही दुबळी वीज केबलमधून ध्वनिवर्धकापर्यंत जाते व तेथें मोठी होऊन आपल्या कानीं पडते. पेडल हें या वाटेवर मध्येंच बसलेलें असतें. वादकानें पायानें कळ दाबली कीं तें विजेच्या लहरीचा आकार बदलतें, आणि पुन्हां दाबली कीं लहर जशीच्या तशी पुढें जाऊं देतें. वादकाचे दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळें ही व्यवस्था पायाकडे आली.

या पेट्यांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. मार्टी रॉबिन्स या अमेरिकन गायकाचें 'डोंट वरी' हें गाणें १९६१ सालीं गाजलें. नॅशव्हिल येथें त्याचें ध्वनिमुद्रण चाललें असतां यंत्रांतील एका भागांत बिघाड झाला, आणि ग्रेडी मार्टिन या वादकाचा सूर फाटून घोगरा उमटला. तो लोकांस इतका आवडला कीं ध्वनिमुद्रण करणारे ग्लेन स्नॉडी यांनीं तसाच सूर मुद्दाम काढणारें यंत्र तयार करविलें, आणि गिब्सन कंपनीनें १९६२ मध्यें तें 'मेस्ट्रो फझ-टोन' या नांवानें विक्रीस आणलें. १९६५ सालीं रोलिंग स्टोन्स या इंग्रज वादकमंडळीनें 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यांत तें वापरलें व पेडलाची कीर्ति जगभर झाली. पुढें १९६९ च्या ऑगस्टमध्यें वुडस्टॉकच्या महोत्सवांत जिमी हेंड्रिक्स यानें वाजविलें, त्या वेळीं त्याच्या पायापाशीं वा-वा, फझ फेस व युनि-व्हाइब अशीं तीन पेडलें होतीं.

दोनतीन पेडलें असतील तोंवर तीं जमिनीवर सुटीं मांडून भागतें. संख्या वाढली कीं अडचणी सुरू होतात. पाय लागून पेडलें सरकतात, तारा एकमेकींत गुंततात, आणि प्रत्येकाला वीज कोठून द्यावी हा प्रश्न पडतो. इंग्लंडांत पीट कॉर्निश यांनीं १९७० नंतरच्या दशकांत डेव्हिड गिल्मर आदि नामांकित वादकांसाठीं पेडलें एका भक्कम चौकटींत बसवून दिलीं. जपानच्या बॉस कंपनीनें १९७७ पासून आटोपशीर आकाराचीं पेडलें काढलीं, आणि तीं शेजारीं शेजारीं फळीवर बसविणें सामान्य वादकासहि साध्य झालें. स्थान, तार आणि वीज या तीन अडचणींचें उत्तर म्हणजे पेडलबोर्ड, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील सर्व मुद्दे सहज समजतील.

आंखणीचा आरंभ कागदावर करावा. दुकानांत मागाहून जावें. जीं गाणीं वाजवावयाचीं आहेत त्यांची यादी करावी, आणि प्रत्येकापुढें कोणता सूर लागतो तें लिहावें. समजा, संमेलनांत सहा गाणीं आहेत. त्यांपैकीं चारांत सूर थोडा खरखरीत हवा. त्यासाठीं ओव्हरड्राइव्ह लागेल. तिहींत सुरांचा प्रतिध्वनि हवा. त्याला डिले पाहिजे. दोहोंत अनेक गिटारी एकत्र वाजल्याचा भास हवा. तें कोरसचें काम. मोठ्या दिवाणखान्यांत येतो तसा मंद घुमारा साऱ्याच गाण्यांत हवा. तो रिव्हर्ब देईल. आणि दोन गाण्यांच्या मधल्या वेळांत, प्रेक्षकांस ऐकूं न देतां तारा सुरांत लावण्यासाठीं ट्यूनर हवा. झालीं पांच पेडलें. यादींत ज्याची एकदांहि गरज दिसली नाहीं, तें कितीहि मोहक असलें तरी विकत घेऊं नये. जास्त पेडलें म्हणजे जास्त सांधे, आणि जितके सांधे तितकीं बिघाडाचीं ठिकाणें.

याच कागदावर प्रत्येक गाण्याची लयहि टिपून ठेवावी. डिलेचा प्रतिध्वनि तालांत पडला नाहीं तर तो गाण्यास साथ देण्याऐवजीं त्याची वाट अडवितो. हिशेब सोपा आहे. एका मिनिटाचे साठ हजार मिलिसेकंद होतात. त्यांस मिनिटांतील मात्रांनीं भागावें. लय मिनिटास १२० मात्रांची असेल तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, आणि ८० मात्रांची असेल तर ७५० मिलिसेकंदांची होते. तेवढ्यावर डिले लावला कीं प्रत्येक प्रतिध्वनि बरोबर पुढच्या मात्रेवर येतो.

आतां पेडलांचा क्रम. आमटी करतांना फोडणी आधीं आणि कोथिंबीर शेवटीं कां, हें घरांत कोणासहि विचारावें. वस्तु त्याच, पण क्रम उलटला तर चव बिघडते. पेडलांचेंहि तसेंच आहे. गिटारीपासून निघालेला सूर प्रथम ट्यूनरकडे जावा. कारण स्वच्छ, कांहींहि संस्कार न झालेला सूर मोजणें यंत्रास सोपें जातें. त्यानंतर ओव्हरड्राइव्ह, मग कोरस, मग डिले आणि अखेरीस रिव्हर्ब. यांतील मुख्य कारण असें कीं ओव्हरड्राइव्ह लहरींचे माथे छाटून त्यांत नवे स्वर मिसळतो. त्याच्याआधीं डिले ठेविला तर मूळ सूर व त्याचे प्रतिध्वनि एकत्र भरडले जाऊन सगळा चिखल होतो. तोच डिले मागाहून ठेविला तर खरखरीत सुराचेच स्पष्ट प्रतिध्वनि मिळतात. हा क्रम म्हणजे कांहीं कायदा नव्हे. मुद्दाम उलटा क्रम लावून नवे सूर शोधणारे वादकहि आहेत. परंतु आरंभ रूढ क्रमानें करावा, म्हणजे पुढें केलेल्या बदलाचा परिणाम नेमका कळतो.

विजेच्या भागाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावयास पाहिजे. बहुतेक पेडलांस ९ व्होल्टांची एकदिश वीज लागते. प्रत्येकाच्या पाठीवर किंवा बुडाशीं व्होल्ट आणि मिलिअँपिअर यांचे आंकडे छापलेले असतात. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब; तो लिहिल्याप्रमाणेंच पाहिजे. नऊ व्होल्टांच्या पेडलास अठरा व्होल्ट दिले तर तें जळण्याचा संभव असतो. मिलिअँपिअर म्हणजे पेडल किती प्रवाह ओढतें तें माप. पुरवठ्याची ताकद त्याहून अधिक असली तर कांहीं बिघडत नाहीं. पेडल आपल्यापुरतेंच घेतें. आपल्या उदाहरणांत ट्यूनर ३०, ओव्हरड्राइव्ह १०, कोरस २०, डिले ७० आणि रिव्हर्ब १०० मिलिअँपिअर ओढतो असें समजूं. बेरीज २३० झाली. अशा वेळीं निदान ३५० मिलिअँपिअर देऊं शकेल असा पुरवठा घ्यावा, म्हणजे तो तापणार नाहीं व पुढेंमागें एखादें पेडल वाढलें तरी पुरेल.

दुसरी सावधगिरी ध्रुवांची. पेडलांच्या बहुतेक अडॅप्टरांत प्लगच्या मधल्या छिद्रांत ऋण ध्रुव व बाहेरच्या नळीवर धन ध्रुव असतो. घरांतील इतर पुष्कळ उपकरणांच्या अडॅप्टरांत याच्या नेमकें उलट असतें. प्लग मात्र तंतोतंत बसतो, आणि तेथेंच घात होतो. यास्तव प्लग बसला म्हणून अडॅप्टर योग्य, असें समजूं नये. त्यावरील लहान आकृति पाहून मगच जोडावा.

एकाच अडॅप्टराला अनेक फांट्यांची तार लावून सर्व पेडलांस वीज देतां येते. ही रीत स्वस्त आहे. परंतु डिले व रिव्हर्ब यांसारख्या अंकीय पेडलांतील सूक्ष्म गोंगाट त्या सामाईक तारेंतून ओव्हरड्राइव्हमध्यें शिरतो, आणि तेथें तो मोठा होऊन ऐकूं येतो. ज्या वीजपेटींत प्रत्येक पेडलासाठीं स्वतंत्र, इतरांपासून अलग केलेली वाट असते, ती महाग पडते. परंतु पैसे कोठें खर्चावे असें कोणी विचारलें तर पहिलें उत्तर या पेटीचेंच द्यावें लागेल.

येथें पालकांस एक गोष्ट आग्रहानें सांगावयाची आहे. आपल्याकडे भिंतींतील वीज २३० व्होल्टांची व सेकंदास ५० आवर्तनांची असते. जमिनीशीं जोडणीच्या दोन वाटा झाल्या कीं याच आवर्तनांचा 'हुम्म' असा खर्जाचा आवाज ध्वनिवर्धकांतून येऊं लागतो. तो घालविण्यासाठीं कोणी कोणी तीन कांट्यांच्या प्लगचा अर्थिंगचा कांटा काढून टाकतात. आवाज जातो खरा. पण ध्वनिवर्धकांत दोष उत्पन्न झाल्यास तीच भिंतींतील वीज गिटारीच्या तारांवर येऊं शकते, आणि वादकाचे हात तर त्या तारांवरच असतात. अर्थिंगचा कांटा कोणत्याहि कारणानें काढूं नये. सर्व वाद्यांची वीज एकाच बोर्डावरून घ्यावी; बहुधा तेवढ्यानेंच गुणगुण कमी होते. तसेंच २३० व्होल्टांची वीजपेटी तयारच विकत घ्यावी, ती मुलांनीं घरीं बनवूं नये. नऊ व्होल्टांच्या पलीकडील काम मात्र त्यांनीं खुशाल करावें.

आतां सुराच्या तारेकडे वळूं. लांब पाटानें पाणी आणतांना थोडें वाटेंतच मुरतें. तद्वत् लांब केबलींत गिटारीचे उंच स्वर कमी होतात. केबलीची मधली तार व तिच्याभोंवतींची जाळी मिळून विजेचा लहानसा सांठा करतात. हा सांठा दर मीटरास सुमारें १०० पिकोफॅरड भरतो. सहा मीटर केबलीचे ६०० झाले, आणि बोर्डावरील व त्यापुढील तारा निराळ्याच. पिकअपची वीज दुबळी असल्यामुळें तिला हा भार सोसत नाहीं व सूर मंद, घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो. त्यावर उपाय म्हणजे बफर नांवाचें लहानसें मंडल. तें सुराचा आकार न बदलतां त्यास पुढची वाट चालण्याचें बळ देतें. पुष्कळ पेडलांत तें आधींच असतें. आपल्या ट्यूनरमध्यें असल्यास वेगळें घेण्याचें कारण नाहीं. अपवाद फझ फेसच्या जातीच्या जुन्या पद्धतीच्या पेडलांचा. त्यांना गिटारीशीं सरळ संबंध हवा असतो, म्हणून तीं बफराच्या आधीं ठेवावीं.

एवढें झाल्यावर बांधणी. प्रत्येक पेडलाच्या मापाचा पुठ्ठा कापून ते पुठ्ठे जमिनीवर मांडावे, आणि ज्या बुटांनीं रंगमंचावर जावयाचें तेच बूट घालून, उभें राहून, कळा दाबल्याचा सराव करावा. नेहमीं लागणारीं पेडलें पुढच्या रांगेंत व क्वचित् लागणारीं मागच्या रांगेंत ठेवावीं. आपल्या उदाहरणांत ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह व डिले पुढें येतील. कोरस थोडाच लागतो आणि रिव्हर्ब सदैव चालूच राहतो, म्हणून तीं दोन मागें. यावरून दिसेल कीं तारेचा क्रम व पायाचा क्रम एकच असावा असें नाहीं. मागच्या रांगेकडे जाणारी तार थोडी लांब ठेविली कीं झालें. बहुतेक पेडलांत सूर उजव्या अंगानें आंत जातो व डाव्या अंगानें बाहेर पडतो, म्हणून मांडणी उजवीकडून डावीकडे करावी.

सामान्य पेडल सुमारें ७ सेंटिमीटर रुंद व १३ सेंटिमीटर लांब असतें. पुढच्या रांगेंतील तिहींची रुंदी २१ सेंटिमीटर; दोन पेडलांमध्यें प्लगसाठीं चार चार सेंटिमीटर व दोन्ही टोंकांस तितकीच जागा धरली तर एकूण ३७ होतात. थोडी सवड ठेवून ४५ सेंटिमीटर रुंदी व ३४ सेंटिमीटर खोली पुरेशी आहे. बारा मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडाच्या ९ सेंटिमीटर रुंदीच्या तीन पट्ट्या कापाव्या, आणि त्यांच्यामध्यें साडेतीन साडेतीन सेंटिमीटरांच्या दोन फटी ठेवाव्या. या फटींतून तारा खालीं जातात. दोन्ही बाजूंस पुढें ३ व मागें ९ सेंटिमीटर उंचीच्या उतरत्या फळ्या लावून त्यांवर पट्ट्या स्क्रूंनीं बसवाव्या. मागील पोकळींत वीजपेटी राहते. म्हणून फळ्या कापण्यापूर्वीं पेटीची उंची मोजून घ्यावी. मागच्या पेडलांखालीं ३ सेंटिमीटर उंचीचा ठोकळा दिला म्हणजे पाय पुढच्या पेडलांच्या खुंट्यांवर पडत नाहीं. कडा पॉलिशपेपरनें घासाव्या, रंगाचे दोन हात द्यावे, खालीं रबराचे पाय व एका बाजूस मूठ लावावी.

पेडलें खिळवून टाकूं नयेत. व्हेल्क्रोच्या पट्टीची मऊ बाजू फळीवर व खरखरीत बाजू पेडलाच्या बुडाशीं चिकटवावी. त्यापूर्वीं बूड स्पिरिटानें पुसून कोरडें करावें. सुराच्या तारा व विजेच्या तारा एकमेकींस लगटून नेऊं नयेत; जेथें त्या ओलांडाव्या लागतील तेथें काटकोनांत ओलांडाव्या. प्रत्येक लहान केबलीची लांबी सुतळीनें मोजून दोनतीन बोटें जास्त धरावी. ज्यांस डाख देतां येतो त्यांनीं केबली घरीं कराव्या. मधली तार प्लगच्या टोंकास व बाहेरची जाळी त्याच्या नळीस जोडावी. मग मीटरनें पाहावें: टोंक टोंकाशीं लागलें पाहिजे, नळी नळीशीं लागली पाहिजे, आणि टोंक नळीशीं मुळींच लागतां कामा नये.

बोर्ड तयार झाला म्हणजे काम संपलें असें नाहीं. एकेक पेडल चालू व बंद करून आवाजाची पातळी सारखी आहे कीं नाहीं तें पाहावें. नाहीं तर कळ दाबतांच आवाज एकदम चढतो अथवा बुडतो. घरांतील खोलींत पुरेसा वाटणारा रिव्हर्ब मोठ्या सभागृहांत जास्त होतो, कारण सभागृह स्वतःचाहि घुमारा त्यांत घालतें. म्हणून प्रयोगापूर्वीं त्या जागीं वाजवून पाहणें अवश्य आहे. कोंकणांत व मुंबईंत पावसाळ्यांत प्लगांवर ओलाव्यानें काळसर थर चढतो व सूर तुटक येऊं लागतो. तेव्हां प्लग कोरड्या फडक्यानें पुसावे आणि बोर्ड झांकून ठेवावा.

ऐन कार्यक्रमांत आवाज बंद पडला तर गोंधळून सर्व तारा ओढूं नयेत. प्रथम गिटार सरळ ध्वनिवर्धकास जोडावी. आवाज आला तर दोष बोर्डांत आहे हें ठरलें, आणि गाणें तर तसेंच पुढें चालवितां येतें. दोष मागाहून शोधावा. पेडलांचे दोन भाग करावे, एक वगळून पाहावें, मग ज्या भागांत दोष आहे त्याचे पुन्हां दोन भाग करावे. या रीतीनें पांच पेडलांतील दोषी पेडल फार तर तीन प्रयत्नांत सांपडतें. बहुतेक वेळां पेडल निर्दोष ठरतें आणि अपराधी निघते एखादी वीतभर लांबीची केबल. म्हणून एक लांब व दोन आंखूड केबली पिशवींत जादा ठेवाव्या.

खर्चाविषयीं दोन शब्द. पांचहि पेडलें एकदम घेण्याची जरुरी नाहीं. ट्यूनर व ओव्हरड्राइव्ह यांनीं आरंभ करावा. डिले नंतर यावा. फळी मात्र प्रथमच पुरेशा मापाची करावी, म्हणजे ती पुन्हां करावी लागत नाहीं. वर्गांत शिकलेले दाब, प्रवाह, ध्रुव आणि कंप हे शब्द या कामांत हातांखालून जातात, आणि सुतारकाम व डाख देणें या दोन कला शिकावयास मिळतात. परंतु बेसूर लागलेली तार कोणत्याहि पेडलानें सुरांत येत नाहीं, आणि न केलेला रियाज कोणतेंहि पेडल भरून काढीत नाहीं. प्रयोगाच्या रात्रीं अंधारांत पाय योग्य कळेवर पडावा, कळ दाबतांच अपेक्षित सूर यावा, आणि वादकाचें सारें चित्त बोटांकडे राहावें, एवढ्यासाठींच हा खटाटोप आहे. ज्यांनीं तो आधीं कागदावर नीट केला असेल, त्यांना रंगमंचावर खालीं पाहावें लागणार नाहीं.